दहा किलोबाईटमधली विहीर

पातेल्याचं झाकण ओट्यावरून पडलं तेव्हा मी गुंडीकडेच बघत होते. तसं पाहिलं तर ती झाल्यापासून मी तिच्याकडेच बघते आहे, पण त्या क्षणी नेमकी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, म्हणून ते सुटलं नाही. झाकण फरशीवर आपटलं, काठावर उभं राहिलं आणि नाणं फिरावं तसं गोल गोल फिरत राहिलं. आवाज बारीक होत, घाईघाईचा होत लांबला आणि शेवटी थरथरून गप्प झाला. सासूबाईंनी आतून, फुटलं का काही, असं विचारलं. बाहेरच्या खोलीत नवऱ्याने एक मोजा अर्धा चढवलेला असतानाच मान वर केली. वरच्या मजल्यावरचा कुत्रा एकदा भुंकला. गुंडी आपल्या उंच खुर्चीत बसून चमचा चोखत होती. ओटा तिच्या डाव्या हाताला होता, वीतभर अंतरावर. ती चमचा चोखतच राहिली. तिने चमचा तोंडातून काढला, त्याच्याकडे बघितलं, उलटा करून परत तोंडात घातला. दचकणं नाही, मान वळवणं नाही, पापणीसुद्धा हलली नाही. मी झाकण उचललं, स्वच्छ होतं तरी धुतलं, पुसलं, आणि नवरा बूट घालायला वळलाय असं बघून मुद्दाम पुन्हा खाली टाकलं. या वेळी गुंडीने वर बघितलं. पण माझ्याकडे बघितलं. मी श्वास रोखून, डोळे मोठे करून तिच्यावर वाकलेली होते. अशा बाईकडे कोणीही बघेल. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, भांड्यांवर का राग काढतेस सकाळी सकाळी. मी म्हटलं, हात ओला होता.

आमच्या घरात भांडं पडणं ही तशी मोठीच गोष्ट होती. पहिले चार महिने गुंडी दिवसभर रडायची आणि तिला झोप लागली की घर श्वास धरून बसायचं. त्या दिवसांत आम्ही एकेक आवाज काढून टाकला. दारावरची बेल बंद केली; येणारे लोक हळूच टकटक करतात किंवा फोन करतात, आणि फोनही मुके, ओट्यावर नुसते थरथरतात. जेवणाच्या खुर्च्यांच्या पायांत नवऱ्याने जुने मोजे चढवले, त्यातले दोन माझ्या कॉलेजातल्या रंगीत पट्ट्यांचे, ते बघून अजून मला खुर्चीची कीव येते. बाथरूमच्या दाराची कडी सरकवण्याऐवजी आतून दाराला पाय लावून बसायचं, ही सासूबाईंची युक्ती. पुढे रडणं थांबलं, पण आवाज काही परत आले नाहीत. कोणी मुद्दाम परत आणले नाहीत एवढंच. आणि झोपेची सगळ्यात मोठी युक्तीही सासूबाईंचीच: गुंडीला उजव्या कुशीवर वळवायचं, म्हणजे गाढ झोपते. डाव्या कुशीवर असली की खुट् झालं तरी जागी. पोटातला गॅस त्या बाजूला सरकतो, असं त्यांचं शास्त्र. शेजारपाजारच्या दोघी-तिघींना त्यांनी हे शास्त्र दिलं. त्यांच्या पोरांवर ते चाललं नाही, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ज्याची त्याची आतडी.

या मुक्या घरातच मी स्पर्धा सुरू केली. सुरू केली म्हणजे काय, एका दुपारी गुंडी मांडीवर दूध पीत होती, माझा उजवा अंगठा मोकळा होता, आणि त्या अंगठ्याने मी आमच्या ऑफिसच्या जुन्या गटावर लिहून टाकलं: दहा किलोबाईटमध्ये कोणी ब्राउझरवर चालणारा अख्खा खेळ करून दाखवेल का? चित्रं, अक्षरं, आवाज, सगळं त्यातच. बाहेरून काही ओढून आणायचं नाही. ऑफिसात मी वेबसाइटवरचं पैसे भरायचं पान सांभाळायची. दर महिन्याला कोणीतरी येऊन त्या पानात काहीतरी वाढवायचं, नाचणारं बटण, हसणारा चेहरा, गिऱ्हाइकाच्या मागे मागे फिरणारी मदतीची खिडकी. आणि मी रजेवर जायच्या सुमारास ते पान उघडायला इतका वेळ लागायचा की माणसाचा पैसे भरायचा विचार बदलावा. घरी आल्यावर उलटं झालं. माझ्याकडे सगळंच थोडं होतं: अर्धा हात, एक डोळा, गुंडीच्या झोपेएवढा वेळ. एखादी गोष्ट लहान असेल तरच मला ती पुरी करता येत होती. दहा किलोबाईट म्हणजे किती, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा मी त्याला गुंडीचा फोनवर काढलेला एक फोटो दाखवला आणि म्हटलं, या एका फोटोच्या जागेत असे तीनशे खेळ बसतील. तो म्हणाला, मग फोटो कमी काढत जा. पण संध्याकाळपर्यंत गटाबाहेरच्या लोकांनीही विचारायला सुरुवात केली होती आणि मला नियम लिहावे लागले. विषय दिला, वाट. बक्षीस काय, तर पहिला येईल त्याने पुढच्या वर्षीचा विषय ठरवायचा. शेवटचा नियम मी फार विचार न करता लिहिला, आणि मनातून तोच मला सगळ्यात आवडला होता: खेळाबरोबर कोणतीही सूचना किंवा माहिती पाठवू नये, जे सांगायचं ते खेळातच सांगावं.

परीक्षक आम्ही दोघं, मी आणि बारक्या. बारक्या माझा ऑफिसातला जुना सहकारी, सहा फूट उंच, म्हणून बारक्या. आलेले खेळ आम्ही निम्मे निम्मे वाटून घेतले. पहिल्या फेरीत फक्त चालतो की नाही, मापात आहे की नाही, एवढंच बघायचं होतं. मी माझे निम्मे गुंडीच्या झोपांमध्ये उरकले. एका खेळात मुंगी साखरेचा दाणा ओढत भिंत चढायची. एकात लिफ्ट होती आणि तिला चुकीच्या मजल्यावर थांबायची खोड होती. एक खेळ उघडला तर नुसता काळा पडदा. बाणाच्या कळा दाबल्या, काळा. जागा बदलून दाबल्या, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडला, काळाच. नाव होतं 'विहीर'. मी मनात म्हटलं, पडला बिचारा विहिरीत, आणि यादीत त्याच्यासमोर चालत नाही अशी खूण केली. ती यादी स्पर्धेच्या पानावर सगळ्यांना दिसत होती.

झाकण पडलं त्याच दिवशी दुपारी 'विहीर'वाल्याचं उत्तर आलं. गुंडी झोपली होती, उजव्या कुशीवर. मी तिच्या पाळण्याशेजारी जमिनीवर बसून चुटक्या वाजवत होते, आधी हळू, मग जोरात, आणि स्वतःलाच सांगत होते की झोपलेल्या मुलावर प्रयोग करणं हा काही प्रयोग नव्हे. फोन थरथरला. त्याने तक्रार केली नव्हती. निर्णय मान्य आहे, फक्त एक शंका आहे, असं म्हणून पुढे लिहिलं होतं: कळ दाबल्यावर तुम्हाला काय ऐकू आलं, ते कळेल का?

मी ते वाक्य कितीतरी वेळ वाचत राहिले. कोणीतरी सकाळपासून माझ्या पाठीमागे उभा राहून बघतो आहे असं वाटलं. मग लॅपटॉप उघडला आणि कोपऱ्यातल्या त्या लहानशा कर्ण्याकडे बघितलं. त्याच्यावर काट होती. ती काट मी मारली होती, हॉस्पिटलमधून घरी आल्याच्या पहिल्या आठवड्यात, आणि त्यानंतर लॅपटॉपला आवाज असतो हेच विसरून गेले होते. म्हणजे मुंगीच्या पावलांना आवाज असेल. लिफ्टला घंटा असेल. माझ्याकडे आलेला प्रत्येक खेळ मी बहिऱ्या माणसासारखा खेळले होते, आणि तो शब्द मनात आला तेव्हा मी घाईघाईने कानांवर हेडफोन चढवले.

काळ्या पडद्यामागे विहीर होती. आधी काहीच नव्हतं, फक्त पोकळपणा, पाणी खूप खाली असल्याचा. मग उजव्या कानात एक थेंब पडला. टप्. उजवा बाण दाबला तर पाऊल दगडावर पडल्याचा कोरडा आवाज आला आणि पोकळपणा किंचित उथळ झाला. डावीकडे थेंब. डावा बाण. चुकलं की गुडघ्याएवढ्या पाण्यात पाय गेल्यासारखं चुबुक् व्हायचं आणि आवाज पुन्हा खोल. मी डोळे मिटून घेतले. लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळताना माझ्यावर राज्य आलं की मी पट्टी ढिली बांधून घ्यायची आणि नाकाच्या कडेने सगळ्यांचे पाय बघायची. ताईला ते ठाऊक होतं, ती मुद्दाम दुसऱ्या मुलीच्या चपला घालून फिरायची आणि मी हटकून चुकीचं नाव घ्यायची. इथे बघायला काहीच नव्हतं. थेंब डावीकडून उजवीकडे जात होते आणि मी त्यांच्यामागून चढत होते, मानेवर काटा येत होता. वर पोहोचले तेव्हा पोकळपणा एकदम संपला, उघड्यावर आल्यासारखं झालं आणि डोक्यावरून एक पक्षी ओरडत गेला, डाव्या कानातून उजव्या कानात. हे सगळं दहा किलोबाईटमध्ये. मी हेडफोन काढले. घर नेहमीसारखं गप्प होतं आणि पाळण्यातून गुंडीच्या श्वासाचा आवाज येत होता, तो मला त्या दिवसात पहिल्यांदा ऐकू आला.

मी त्या माणसाला फोन लावला. तो दातांचा डॉक्टर निघाला. मागे पाण्याची चूळ भरल्याचे आवाज येत होते. एक मिनिट हं, असं म्हणून त्याने कोणाला तरी आ करून तसंच बसा असं सांगितलं. मी काय झालं ते सांगितलं, आवाज बंद होता, चूक माझी आहे. तो हसला, आणि त्याने मला पहिला प्रश्न विचारला तो खेळाबद्दल नव्हता.

"घरात लहान बाळ आहे का?"

मी हो म्हटलं.

"मग बरोबर. आमच्याकडे दोन वर्षं टीव्ही मुका होता. बातम्या सांगणारी बाई रोज एवढं तोंड उघडायची, मी नुसते तिचे दात बघायचो."

मी म्हटलं, आवाज चालू करा एवढं तरी पडद्यावर लिहायचं. तो म्हणाला, लिहिलं होतं की. पण आपली अक्षरं महाग, एकेकाला तीन तीन बाईट, काना-मात्रेचे वेगळे. ती पाटी लावली की शेवटचा पक्षी बसेना. दोन दिवस दोन्ही बसवून बघितलं. मग म्हटलं, पाटी काढू, पक्षी राहू दे. ज्याला ऐकायचंय तो ऐकेलच. नंतर त्याने, दिवसभर कानाशी यंत्र घरघरत असतं हो, म्हणून केला हा खेळ, असं म्हटलं आणि आ करून बसलेल्या माणसाकडे परत गेला.

बारक्या मात्र बिथरला. यादी जाहीर झालेली आहे, आता एकाला आत घेतलं तर बाहेर राहिलेले सगळे येऊन बसतील, असं त्याचं म्हणणं. घ्यायचंच असेल तर तांत्रिक कारणास्तव असं लिहून मोकळी हो, तांत्रिक म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. मी म्हटलं, मी माझे सगळेच खेळ बिनआवाजाचे बघितलेत, ते परत बघायला पाहिजेत. तो म्हणाला, अगं, पण हे कोणाला माहीत आहे? मला ते वाक्य बारक्याचं वाटेना. दिवसभर माझ्याच डोक्यात ते फिरत होतं. हे कोणाला माहीत आहे. झाकण पडलं ते मी बघितलं, दुसऱ्या कोणी नाही. उद्या गुंडी एखाद्या आवाजाला दचकेल, आणि आजचं कोणाला माहीत असायचं कारण राहणार नाही. मी स्पर्धेच्या पानावर लिहिलं: पहिल्या फेरीत मी तपासलेले सगळे खेळ मी पुन्हा तपासते आहे. निकाल उशिरा लागेल. तपासताना माझा आवाज बंद होता. खाली लोकांनी टिंगल केली, एकाने लिहिलं की परीक्षक आधी चालू आहेत का ते तपासा, लिफ्टवाल्याने लिहिलं की घंटा ऐकून मत कळवा. बस, एवढंच झालं. बारक्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि त्याच्या निम्म्यातलेही दोन परत बघायला घेतले.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याचे जुने स्पीकर माळ्यावरून काढले. खेळ पुन्हा तपासायला हवेतच, हेडफोनने कान दुखतात, असं मी स्वतःला सांगितलं. एक स्पीकर खोलीच्या उजव्या भिंतीशी ठेवला, एक डाव्या, आणि मध्ये चटईवर गुंडीला तिच्या रिकाम्या डब्यांबरोबर बसवलं. लॅपटॉप घेऊन मी तिच्या मागे बसले, तिला माझं तोंड दिसू नये अशी. 'विहीर' लावली. उजवीकडे थेंब पडला. गुंडीने डबा खाली ठेवून उजवीकडे बघितलं. मी मोकळेपणी हसलेसुद्धा. मग डावीकडे थेंब पडला. तिने डबा उचलला. मी आवाज वाढवला. उजवा थेंब, मान उजवीकडे. डावा थेंब, डबा डब्यात. अजून वाढवला, आता वरच्या मजल्यावरच्या कुत्र्यालाही विहीर ऐकू जात असेल. डावा थेंब. तिने मान वळवली, पण उजवीकडे, जिथून मघाशी आवाज आला होता तिथे, आणि तिथे काही नाही असं बघून मागे वळून माझा चेहरा शोधायला लागली. मी चेहरा लपवला. एखाद्या आईने आपल्या मुलापासून चेहरा लपवावा ही गोष्ट लिहायला सोपी आहे.

नवरा कधी आला मला कळलं नाही. तो दारात उभा राहून स्पीकरकडे, मग माझ्याकडे बघत होता. काय चाललंय, असं त्याने विचारलं.

"तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही."

"कशावरून?"

"खेळावरून."

तो हसेल असं मला वाटलं होतं. त्याने पिशवी खाली ठेवली, बूट काढले नाहीत, नेहमी काढतो, आणि गुंडीच्या डाव्या बाजूला चार पावलांवर उकिडवा बसला. हळूच हाक मारली, गुंडे. ती डब्याचं झाकण लावत होती, ते लागत नव्हतं. पुन्हा हाक मारली. मग तो उठून उजव्या बाजूला गेला आणि त्याच आवाजात म्हणाला, गुंडे, आणि तिने असं तोंडभर हसून वळून बघितलं की त्याला आपोआप हसायला आलं, आणि ते हसू मग त्याच्या तोंडावर नुसतंच राहून गेलं. सासूबाई दाराशी आल्या होत्या. हाही लहानपणी असाच होता, शंभर हाका मारल्या तरी बघायचा नाही, अजून कुठे बघतो, असं त्या म्हणाल्या; ही गोष्ट त्यांनी आम्हाला अनेकदा सांगितलेली आहे आणि आम्ही दर वेळी हसतो. या वेळी कोणी हसलं नाही, तेव्हा त्यांनी स्पीकरकडे बघितलं, मग गुंडीकडे. पदराने हात पुसत त्या म्हणाल्या, "म्हणजे ती उजव्या कुशीवर झोपायची ते..." मला ते तोपर्यंत सुचलं नव्हतं. चांगला कान उशीत गेला की जगच बंद. आम्ही तिला रोज, दिवसातून दोनदा, प्रेमाने वळवून बंद करत होतो आणि किती शहाणी आहे म्हणत होतो. सासूबाई आत जाऊन कणिक मळायला लागल्या, परात ओट्यावर आपटत आपटत, आणि त्यांना कोणी हळू म्हटलं नाही.

कानाच्या डॉक्टरांनी आत बघितलं, आतमध्ये दिसण्यासारखं काही नाही म्हणाले आणि तपासणीसाठी दिवस दिला. मधल्या दिवसांत मी खेळ पुन्हा तपासले. काम असलं की हात गुंतलेले राहतात. मुंगीच्या पावलांना खरंच आवाज होता, तांदूळ सांडल्यासारखा, आणि त्यामुळे तो खेळ माझ्या मनात खूप वर गेला. लिफ्टची घंटा कर्कश होती, तो खाली आला. आवाजाने एवढा फरक पडतो हे मला नवीन नव्हतं, तरी दर वेळी खेळ संपला की मी तोच खेळ डाव्या कानावरचा हेडफोन काढून पुन्हा खेळायची. एका कानाने मुंगी मुंगीच राहते. लिफ्ट लिफ्टच राहते. अर्ध्यापेक्षा जास्त खेळांना काहीसुद्धा होत नाही, हे मला एखाद्या प्रमाणपत्रासारखं वाटायचं. 'विहीर' मात्र एका कानाने खेळता येत नाही. थेंब पडतो, पण कुठे पडला ते कळत नाही. वरून कोणीतरी हाक मारतंय आणि वर म्हणजे कुठे ते माहीत नाही, असं होतं. मी पुन्हा पुन्हा बुडाले. एकदा नवऱ्याने मागून येऊन हेडफोन माझ्या कानांवर नीट बसवले आणि आत गेला. 'विहिरी'ला मी गुण दिले नाहीत, बारक्याला सांगितलं की तुझे तेवढे धर. मुंगी पहिली आली. 'विहीर' तिसरी. दंतवैद्याने लिहिलं, तिसरा म्हणजे अक्कलदाढ, येते हेच खूप.

तपासणीच्या दिवशी नवऱ्याला ऑफिसातून निघता येईना. खरं सांगायचं तर मीच त्याला राहू दे म्हटलं. दोघांचे चेहरे एका वेळी सांभाळायची मला ताकद नव्हती. खोली लहान होती, भिंतींना राखाडी स्पंज, दार तिजोरीसारखं जाड. दार लागलं तेव्हा कानात कापसाचा बोळा घातल्यासारखं झालं. मध्ये एक खुर्ची. डाव्या कोपऱ्यात एक स्पीकर आणि त्यावर काळ्या काचेची पेटी, उजव्या कोपऱ्यात तसंच. तपासणाऱ्या बाईंनी समजावून सांगितलं: पेटीत माकड आहे, एरवी दिसत नाही. आवाज येईल, मुलीने त्या बाजूला वळून बघितलं की माकडाला दिवा लागेल आणि ते झांजा वाजवेल, ते तिचं बक्षीस. आवाज हळूहळू बारीक करत नेणार. मग त्यांनी माझ्यापुढे एक हेडफोन धरला. यात नुसती खरखर आहे, म्हणाल्या, तुम्हाला बाहेरचं काही ऐकू येणार नाही.

मी म्हटलं, तपासायचं तिला आहे ना.

"मुलं आईकडे बघून ओळखतात. तुम्हाला आवाज आला की तुमचं अंग सांगतं. तुम्ही तिला खुणवायचं नाही, मदत करायची नाही. नुसतं बसायचं."

मी नुसती बसले. कानांत खरखर, जुन्या रेडिओवर स्टेशन न लागल्यासारखी. मांडीवर गुंडी, पाठमोरी, तिच्या मानेवरची लव आणि ओल्या पावडरचा वास. समोर काचेपलीकडे बाई बटणांवर वाकलेल्या. मला काय चाललंय ते कळायचा एकच मार्ग होता. गुंडी उजवीकडे वळली, माकड उजळलं, झांजा आपटू लागलं. मला ते बिनआवाजाचं दिसलं. पुन्हा उजवीकडे. पुन्हा. दर वेळी तिच्या मांड्या माझ्या मांड्यांवर आनंदाने आपटायच्या. मग बराच वेळ काही झालं नाही. गुंडी आपल्या पायाचा अंगठा बघत होती. बाईंचा हात बटणावर होता. म्हणजे आवाज येत असणार, आत्ता येत असणार, डावीकडून, आणि माझं डावं अंग तापायला लागलं, खांदा आपोआप तिकडे वळायला लागला. एवढंसं वळलं असतं तरी गुंडीने ओळखलं असतं, तिने कायम असंच ओळखलं आहे, माझ्या अंगावरून. मी तिच्यासाठी दहा महिने ऐकत होते. मी डोळे मिटले, दोन्ही खांदे सैल सोडले, आणि तिला काही सांगितलं नाही. खरखर. अंगठ्याशी चाललेली तिची खटपट. खरखर. मग तिचं वजन माझ्या उजव्या मांडीवरून उठलं आणि डाव्या मांडीवर आलं. मी डोळे उघडले तेव्हा डावं माकड झांजा वाजवत होतं.

बाईंनी आत येऊन माझे हेडफोन काढले. तो मोठा आवाज होता, म्हणाल्या, त्याहून बारीक आवाज तिने घेतले नाहीत. डावा बराच कमी आहे, पण आहे. उजवा उत्तम. तीन महिन्यांनी परत बघायचं, तेव्हा कानाच्या यंत्राचं ठरवू, एवढ्याएवढ्याशा मुलांनाही बसतं. बोलायला शिकेल का, असं मी विचारलं. शिकेल, त्या म्हणाल्या, रस्ता ओलांडताना मात्र गाडी कुठून येतेय ते तिला उशिरा कळेल, त्याची सवय तुम्हाला करून घ्यायची. पुढचं मूल बाहेर रडत होतं, त्याला आत घेण्यासाठी त्यांनी ते जाड दार उघडून धरलं.

नवऱ्याला फोनवर मी सगळं तसंच सांगितलं, त्याच क्रमाने. तो म्हणाला, बरं. मग म्हणाला, बरंच आहे हे. मी फोन पिशवीत टाकून निघाले.

बसथांब्यावर गर्दी होती. गुंडीला मी नेहमी डाव्या कडेवर घेते, उजवा हात कामाला मोकळा राहावा म्हणून, सगळ्याच घेतात. ती पुढे तोंड करून बसते, म्हणजे तिचा उजवा कान माझ्या तोंडाशी आणि डावा बाहेर जगाकडे. आजवर मी तिच्याशी जे काही बोलले ते सगळं तिच्या चांगल्या कानाशी, अगदी हळू, बोलले. कोणाला काही कळायचं कारणच नव्हतं. मी तिला उचलून उजव्या कडेवर घेतलं. कंबरेला ते वजन ओळखीचं नव्हतं, पिशवी डाव्या हातात धड धरता येईना, आणि गुंडीलाही ते पटलं नाही, तिने पाय झाडले. मी तिच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हटलं, "बस येते आहे." पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांनी वळून बघितलं आणि मग रस्त्याकडे बघितलं. गुंडी एका सायकलकडे बघत होती. मी अजून जवळ जाऊन, अजून मोठ्याने तेच म्हटलं. तिने मान खांद्यात घातली, अंग चोरलं आणि तळहाताने कान खसाखसा पुसला. तिच्या कानाला माझा श्वास लागला की शब्द ऐकू आला, ते मी बघत बसले नाही. लोक चढायला लागले होते.